घराच्या चाव्या बँकेला दिल्या म्हणून कर्ज फिटतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीत विश्रामबागला टू-बीएचके फ्लॅट. चार वर्षांपूर्वी ३५ लाखांचं गृहकर्ज घेतलं, मुदत २० वर्षं, व्याज ९ टक्के, हप्ता ३१,४९० रुपये. कुपवाड एमआयडीसीतलं काम सुटलं, नवीन ठिकाणी पगार ३२ हजार. दोन हप्ते थकले आहेत, तिसरा तोंडावर आहे. पत्नी सहकर्जदार, मेहुणे जामीनदार. फ्लॅट बँकेच्या ताब्यात देऊन टाकला तर सगळे मोकळे होतील का?

नाही होणार. आपल्याकडच्या कायद्यात घर हे कर्जाचं तारण असतं, कर्जाचा मोबदला नसतो. चाव्या दिल्याने कर्ज संपत नाही, घर विकून येणारे पैसे खात्यात जमा झाल्यावर तेवढंच कमी होतं. काही देशांत घर परत केलं की कर्जदाराची सुटका होते असं वाचनात येतं, पण तो तिथला कायदा. इथे पैसे कमी पडले तर उरलेली रक्कम तुमच्याकडून, पत्नीकडून आणि मेहुण्यांकडूनही वसूल करायचा बँकेला अधिकार आहे. सरफेसी कायद्याच्या, म्हणजे कोर्टात न जाता तारण विकून वसुली करू देणाऱ्या कायद्याच्या, कलम १३(१०) मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराच्या बरोबरीची असते. 'आधी त्यांचं सगळं विका, मग माझ्याकडे या' असं मेहुण्यांना म्हणता येत नाही. उलट बाजूही आहे. लिलावात जास्त पैसे आले तर वरची रक्कम बँकेने तुम्हालाच द्यायची असते. पण ती वेळ फार कमी येते.

का येत नाही, ते तुमच्याच आकड्यांवर बघा. ४८ हप्त्यांत तुम्ही १५ लाखांवर पैसे भरलेत, पण मुद्दल ३५ वरून ३२ लाखांपर्यंतच उतरलंय. सुरुवातीच्या वर्षांत हप्त्याचा बहुतेक भाग व्याजात जातो. थकलेल्या दोन महिन्यांचं व्याज धरून आज बाकी साधारण साडेबत्तीस लाख. तुम्ही काहीच भरलं नाही तर दर महिन्याला २४ हजारांच्या वर व्याज चढत राहणार.

समजा, तुम्ही स्वतः गिऱ्हाईक बघून चार महिन्यांत फ्लॅट ३९ लाखांना विकला. बाकी साडेबत्तीस, चार महिन्यांचं व्याज एक लाख, एजंटची एक टक्का दलाली ३९ हजार, सोसायटीची थकबाकी, घरपट्टी आणि बँकेचे आकार मिळून तीसेक हजार. हातात पावणेपाच लाखांच्या आसपास राहतात. आता समजा, चाव्या देऊन तुम्ही निघून गेलात. नोटिसा, ताबा, मूल्यांकन, पहिला लिलाव फुकट, दुसरा लिलाव, यात १४ महिने सहज जातात. व्याज तीन लाख चाळीस हजार. वकील, जाहिरात, मूल्यांकन, राखणदार हा सगळा खर्चही तुमच्याच खात्यावर पडतो, तो एक लाख धरा. देणं झालं ३६ लाख ९० हजार. लिलावात ३२ लाख आले तर पाच लाख तुमच्या अंगावर. एकाच फ्लॅटचे दोन शेवट आणि मध्ये जवळपास दहा लाखांचा फरक. विक्रीचे आकडे मानलेले आहेत, पण लिलावातली किंमत बाजारापेक्षा खाली जाण्याची कारणं खरी आहेत. बोली लावणाऱ्याला घर नीट बघायला मिळत नाही, विक्री 'जसं आहे जिथं आहे' तत्त्वावर होते, जुनी देणी त्याच्या गळ्यात पडू शकतात. २५ टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी आणि उरलेली साधारण १५ दिवसांत भरायची असल्याने कर्ज काढून घेणारा नोकरदार तिथे फिरकतच नाही. राहतात ते रोख बाळगून असलेले गुंतवणूकदार, आणि ते पडेल भावाचीच वाट बघतात. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कृष्णेचं पाणी जिथे चढलं होतं त्या भागातल्या घराला तर आणखी कमी बोली लागते.

म्हणून माझं मत सरळ आहे. घर ठेवणं झेपत नसेल तर ते तुम्ही विका, बँकेला विकायला लावू नका. आणि हे खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत-अनुत्पादक, होण्याआधी करा. पहिला थकलेला हप्ता ९० दिवसांवर गेला की खातं एनपीए. तुमचे दोन हप्ते थकलेत, म्हणजे हातात काही आठवडेच आहेत.

त्याआधी घर ठेवणं शक्य आहे का, हे एकदा कागदावर तपासा. शाखेत तोंडी बोलून उपयोग नाही. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. सोबत कामावरून काढल्याचं पत्र, नवीन पगाराची स्लिप आणि सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट जोडा. मुदतवाढ मागता येते. पण तुमच्या बाबतीत साडेबत्तीस लाखांची मुदत २५ वर्षांवर नेली तरी हप्ता २७ हजारांच्या वरच राहतो. ३२ हजार पगारात तो बसत नाही. मुदतवाढीचा फायदा कोणाला? ज्याचं उत्पन्न सहा-आठ महिन्यांत पूर्ववत होणार आहे त्याला. ज्याचं उत्पन्न कायमचं खाली आलंय, त्याने मुदतवाढीच्या मागे लागून वर्ष घालवलं तर घराची किंमत तीच राहते आणि कर्ज वाढत जातं. कर्जासोबत विमा पॉलिसी घेतली असेल तर तीही काढून वाचा. काही पॉलिसींत नोकरी गेल्यास ठरावीक हप्ते भरण्याची सोय असते आणि दावा करायची मुदत छोटी असते.

तोपर्यंत काही गोष्टी मात्र करू नका. हप्ता भरायला परवाना नसलेल्या सावकाराकडून पैसे उचलू नका. महिन्याच्या शेकडा दराने घेतलेलं कर्ज बँकेच्या ९ टक्क्यांना बुडवून टाकतं, आणि असा सावकार बहुतेक वेळा कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही किंवा 'नावापुरतं' साठेखत मागतो. पुढे घर विकताना तोच कागद आडवा येतो. विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे आणि तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करता येते. बँकेला पुढच्या तारखांचे चेकही देऊ नका. खात्यात पैसे नसताना चेक परत गेला की कलम १३८ ची केस होते. एनएसीएचचा, म्हणजे खात्यातून आपोआप कापला जाणारा, हप्ता परत जाणं हाही गुन्हा धरता येतो. थकबाकीच्या दिवाणी प्रकरणाला फौजदारी शेपूट लागतं ते इथे.

आता तारण असलेलं घर विकायचं कसं. पहिलं काम म्हणजे बँकेकडून दोन कागद लेखी मागणं. एक, अमुक तारखेपर्यंत कर्ज बंद करायला लागणारी पूर्ण रक्कम आणि त्यापुढे रोजचं व्याज किती, याचं पत्र. दोन, बँकेकडे जमा असलेल्या मूळ कागदांची यादी. यादीत खरेदीखत, इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा), बिल्डरबरोबरचा करारनामा, शेअर सर्टिफिकेट, आधीच्या साखळीची कागदपत्रं आहेत ना ते बघा, कारण खरेदीदाराची बँक नेमकं हेच विचारते. चालू दराचं कर्ज वैयक्तिक नावावर असेल तर मुदतीआधी बंद करण्याचा दंड बँकेला लावता येत नाही. पत्रात तो दिसला तर लगेच हरकत घ्या. १ एप्रिल २०२४ पासून नव्या आणि ३० जून २०२४ नंतर जुन्या कर्जांवरही दंडव्याज लावून त्यावर पुन्हा व्याज धरता येत नाही, दंड वेगळा आकार म्हणून दाखवावा लागतो. स्टेटमेंटमध्ये ही ओळ शोधा. बऱ्याचदा सापडते.

गिऱ्हाईक ठरलं की साठेखतात कर्जाचा स्पष्ट उल्लेख करा: कोणत्या बँकेचं, खातं कोणतं, बाकी किती आणि खरेदीदाराची रक्कम आधी त्या खात्यात जाणार. विसाराची रक्कमही थेट कर्जखात्यात भरून घेतली तर खरेदीदाराचा विश्वास बसतो. खरेदीदार स्वतः कर्ज काढत असेल तर त्याची बँक तुमच्या कर्जखात्याच्या नावे डीडी देते किंवा आरटीजीएस करते, तुमची बँक कर्ज बंद केल्याचं पत्र देते, कागद सोडते, आणि दुय्यम निबंधक कार्यालयात खरेदीखत होतं. दोन्ही बँकांची तारीख एक ठरवणं हेच यातलं सगळ्यात कटकटीचं काम. त्यासाठी तुमच्या शाखेतल्या एका अधिकाऱ्याचं नाव आणि त्यांनी दिलेला ईमेल धरून ठेवा. तोंडी ठरलेली तारीख हमखास घसरते आणि रोजचं व्याज पुन्हा मोजावं लागतं. खरेदीदार 'पाच लाख वरचे रोख देतो' म्हणाला तर घेऊ नका. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्यावर रोख घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड घेणाऱ्यावर बसू शकतो, आणि तेवढे पैसे कर्जखात्यात दाखवताही येत नाहीत.

कराचा एक मुद्दा बहुतेकांच्या ध्यानात राहत नाही. ताबा मिळालेलं आर्थिक वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत घर विकलं तर मुद्दलाच्या परतफेडीवर आधी घेतलेली ८०सी ची वजावट विक्रीच्या वर्षी उत्पन्नात परत धरली जाते. तुम्ही जुन्या करपद्धतीत ही वजावट घेतली असेल तर सीएकडून आकडा काढून घ्या. रक्कम मोठी नसते, पण नेमकी हातात पैसे नसताना समोर येते.

सरफेसीच्या कलम १३(२) ची मागणी नोटीस येऊन पोचली असेल तर विक्री थांबत नाही, फक्त एक अट वाढते. नोटीस मिळाल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता किंवा भाड्याने देता येत नाही. संमती मागा. सरळ वसुली होत असेल तर बँक सहसा नाही म्हणत नाही. या नोटिशीत ६० दिवस दिलेले असतात. ते रडण्यात किंवा लपण्यात घालवू नका. नोटिशीतला आकडा चुकला असेल, जमा केलेला हप्ता दाखवला नसेल, तर लेखी हरकत पाठवा. बँकेने १५ दिवसांत कारणं देऊन उत्तर द्यायला हवं. नोटीस स्वीकारायला नकार देऊन काहीही साधत नाही. ती दारावर चिकटवली जाते, वर्तमानपत्रात छापली जाते आणि मुदत तशीच चालू राहते.

६० दिवसांनंतर बहुतेक वेळा आधी प्रतीकात्मक ताबा घेतला जातो. म्हणजे दारावर ताबा नोटीस लागते आणि सात दिवसांत ती दोन वर्तमानपत्रांत येते, त्यातलं एक मराठी असतं. गावात नाव छापून आलं की माणसं खचतात आणि त्याच रात्री घर सोडायला निघतात. पण या टप्प्यावर तुम्ही घरात राहू शकता आणि विकूही शकता. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलम १४ खाली जिल्हाधिकारी किंवा मुख्य न्यायदंडाधिकारी यांच्याकडे जाते, मग पोलीस बंदोबस्तात घर रिकामं केलं जातं. बँकेच्या कारवाईत चूक असेल तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत दाद मागता येते. सातारा-सांगलीसाठी ते पुण्यात आहे. नुसता वेळ काढायला तिथे जाऊ नका, फी आणि वकिलाचा खर्च पुन्हा कर्जाच्या वर चढतो. ज्यांना वकील परवडत नाही त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करावा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही, म्हणजे सहकर्जदार पत्नीच्या नावाने अर्ज करता येईल.

एक रेघ मात्र डोक्यात पक्की ठेवा. पूर्ण पैसे भरून घर सोडवून घेण्याचा हक्क लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच आहे. २०१६ ची दुरुस्ती तशी आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलंय. 'लिलावाच्या आदल्या दिवशी पैसे भरू' हा जुना सल्ला आता धरू नका.

आणि इतकं करूनही गिऱ्हाईक मिळालं नाही, ताबा देणंच भाग पडलं, तर तो कसा द्यायचा ते नीट बघा. शाखेच्या टेबलावर चाव्या ठेवून येणं म्हणजे ताबा देणं नव्हे. घर तुमच्याच नावावर राहतं, घरपट्टी आणि सोसायटीचा मेंटेनन्स तुमच्याच नावे चढतो, आणि बंद घरात नळ फुटला, गिझर-पंखे चोरीला गेले तर किंमत पडते. पत्र शाखाधिकाऱ्याच्या नावे नको, बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याच्या नावे द्या. पत्रात स्वेच्छेने ताबा देत असल्याची तारीख, घराचं वर्णन, आणि वीज-पाण्याच्या मीटरचे त्या दिवसाचे आकडे लिहा. पंचनामा करून घ्या, त्याच्या प्रतीवर अधिकाऱ्याची सही आणि शिक्का घ्या. प्रत्येक खोलीचे, स्वयंपाकघरातल्या ओट्याखालच्या नळांचे, बाथरूमच्या फिटिंग्जचे फोटो तारखेसह काढा. पुढे 'घराची नासधूस केली' असा आरोप आला तर हेच कामाला येतं. ताब्यातल्या मालमत्तेची शहाण्या मालकासारखी काळजी घेणं नियमाने बँकेवर बंधनकारक आहे, पण घर कोणत्या अवस्थेत दिलं हे तुमच्याकडे लेखी हवं.

त्याच पत्रात दोन मागण्या घाला. पहिली, खासगी कराराने विक्रीची. लिलावाशिवाय दोन्ही बाजूंनी लेखी अटी ठरवून घर विकण्याची सोय नियमांत आहे, त्यामुळे तुम्ही आणलेलं गिऱ्हाईक बँक घेऊ शकते. राखीव किमतीखाली, म्हणजे बँकेने ठरवलेल्या किमान किमतीखाली, विक्रीला तुमची संमती लागते, ती कोऱ्या कागदावर आगाऊ देऊन ठेवू नका. मूल्यांकनाची प्रत मागा. राखीव किंमत बाजारभावापेक्षा फार खाली असेल तर शेजारच्या फ्लॅटचा ताजा इंडेक्स टू जोडून तिथेच हरकत घ्या, लिलाव होऊन गेल्यावर नव्हे.

दुसरी मागणी उरलेल्या रकमेची. एकरकमी तडजोड मागताना पत्रात 'पूर्ण व अंतिम' हे शब्द हवेत, कर्जदार, सहकर्जदार आणि जामीनदार या तिघांचीही नावं घेऊन सगळे मुक्त झाल्याचं लिहिलेलं हवं. नुसतं 'खातं बंद करण्यात येईल' या वाक्यावर विसंबू नका, बँकेने कर्ज दुसऱ्या कंपनीला विकलं की ती कंपनी पुन्हा दारात येते. मंजुरीचं पत्र हातात येण्याआधी तडजोडीचे पैसे भरू नका. राष्ट्रीय लोक अदालतीतही दाखलपूर्व प्रकरण म्हणून अशी तडजोड होते. तिथला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो, म्हणून शक्य असेल तर तिथेच करा.

कर्ज पतसंस्थेचं असेल तर वाट वेगळी. पतसंस्थांना सरफेसी लागू नाही. त्या सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला घेतात आणि वसुली अधिकारी नियम १०७ ने जप्ती-लिलाव करतो. त्यात एक सवलत आहे: लिलाव झाल्यावरही ३० दिवसांत थकबाकी आणि खरेदीदारासाठी ५ टक्के रक्कम भरून लिलाव रद्द करून घेता येतो. सहकारी बँकांना मात्र सरफेसी लागू आहे, २०२० पासून त्यावर वाद उरलेला नाही. घर शेतजमिनीच्या सातबाऱ्यावर असेल, बिनशेती झालेलं नसेल, तर सरफेसीने ते घेता येत नाही. गुंठेवारीतलं घर असेल तर नियमितीकरणाचा दाखला आधी काढून ठेवा, त्याशिवाय खरेदीदाराला बँक कर्ज देत नाही आणि गिऱ्हाईक कमी होतं.

वसुलीवाल्यांचे फोन सकाळी ८ ते संध्याकाळी ७ याच वेळेत यायला हवेत. शेजाऱ्यांना, नातेवाइकांना सांगून बदनामी करणं, धमकावणं याला परवानगी नाही. कॉलची नोंद ठेवा, बँकेला लेखी तक्रार द्या, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवर तक्रार करा. फी नाही, वकील लागत नाही.

घर विकून कर्ज फिटलं की बँकेने ३० दिवसांत मूळ कागद द्यायचे आणि बोजा उतरवायचा असतो. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. सेरसाय नोंदणीतून (तारण मालमत्तांची केंद्रीय नोंदवही) आणि सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवरून बँकेचं नाव निघालं का ते स्वतः बघा. साधारण दीड महिन्याने तुमचा, पत्नीचा आणि मेहुण्यांचा, तिघांचाही क्रेडिट रिपोर्ट काढा. पूर्ण पैसे भरले असतील तर तिथे 'क्लोज्ड' दिसायला हवं, तडजोड केली असेल तर 'सेटल्ड' दिसेल. पूर्ण फेडूनही 'सेटल्ड' पडलं असेल तर बँक आणि क्रेडिट कंपनी दोघांकडेही तक्रार नोंदवा. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मागता येते.